अण्णांचं पाचवं बोअर आणि तुझ्या बत्तीस विहिरी

पत्र मोठं आहे. त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देते, म्हणजे उत्तर कशाला आहे ते बाकीच्या वाचकांनाही कळेल.

"मॅडम, मी २९ वर्षांची. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते आणि पीएच.डी. करते. नोंदणीला तीन वर्षं झाली. विषय आमच्या तालुक्यातलं भूजल. गेली दोन वर्षं ३२ विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मी स्वतः मोजतेय. आता गाइड म्हणतात, विहिरी पुरे झाल्या, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशा कर, दोन पेपर टाक आणि मोकळी हो. घरी पाच एकर रान आहे, त्यात एक एकर ऊस. अण्णांनी आजवर चार बोअर घेतली. तीन कोरडी गेली, चौथं दिवाळीनंतर बंद पडतं. आता पाचवं घ्यायचं म्हणतात, आठशे फुटांचं. पाणाड्यानं जागा दाखवलीय. आईच्या पाटल्या गहाण टाकायचं चाललंय. परवा अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, 'तू पाण्याचीच पीएच.डी. करतीस ना? मग तूच सांग पाणी कुठंय.' मला काही बोलता आलं नाही. हॉस्टेलवर गेले की तिथंही टँकरची वाट बघायची. मैत्रिणी म्हणतात, सोड हे सगळं, स्पर्धा परीक्षेला बस. मी अण्णांना काय सांगू? आणि हे काम पुढं करू का नको?"

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते. मी भूशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली, आणि अण्णांनी तुला विचारलं तेच मला गावोगाव विचारलं गेलंय. पाणी कुठंय, बाई?

आधी अण्णांचं बघू. विद्यापीठ कुठं पळून जात नाही, बोअरची गाडी मात्र उद्या दारात येऊन उभी राहील.

त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'मला माहीत नाही' हेच आहे आणि ते तू त्यांना तोंडावर सांग. लाज वाटून घेऊ नकोस. पण लगेच पुढचंही सांग, की पाणी नेमकं कुठं लागेल हे पाणाड्यालाही माहीत नाही आणि गाडीवाल्यालाही नाही. पण आपल्या रानाखाली साधारण किती पाणी आहे, ते मी सांगू शकते. 'कुठं' आणि 'किती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे सगळे 'कुठं' विचारतात. 'किती' विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही, आणि माझ्या मते मराठवाड्याचा निम्मा घोटाळा इथेच आहे.

त्यांना विहिरीवर घेऊन जा. घरात बसून बोलू नकोस. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा विहिरीच्या आतली भिंत म्हणजे उघडं पुस्तक असतं. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग फुटका, भेगाळलेला खडक. कुठं बारीक भोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक दिसेल. एखाद्या ठिकाणी विटकरी गेरूचा पट्टा असेल. आणि त्याखाली काळा पाषाण, ज्यावर पहार मारली की ठिणगी उडते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग या लाव्हाच्या थरांवर बसलाय. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत, मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात. गच्च पाषाणात ते राहत नाही. पंजाबात किंवा गंगेच्या काठी खाली वाळू असते, ती पाण्यानं भरलेली असते. आपल्याकडे खाली दगड आहे. हे अण्णांनी जन्मभर पाहिलंय, फक्त त्याचा हिशोब कुणी त्यांच्यासमोर मांडलेला नाही.

तो हिशोब तू मांड. बेसाल्टच्या, म्हणजे याच लाव्हाच्या खडकाच्या, वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरातून निथळून मिळणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के असतं. आपण दोन धरू. म्हणजे पाण्यानं भरलेला शंभर घनमीटर खडक रिकामा केला तर हातात दोन घनमीटर येतं. एक हेक्टर रानाखालची पातळी एक मीटरनं उतरली, तर आपण उपसलेलं असतं २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. बस.

आता तुमचं रान घे. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. तुमच्याकडे साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला दहावा हिस्सा जमिनीत मुरला असं मानलं, तर वर्षाला पाच एकरांत मुरतं सुमारे १४ लाख लिटर. एक एकर उसाला पावसानं भागतं ते सोडून वरून दीड हजार मिलिमीटर पाणी तरी द्यावं लागतं. ते होतं ६० लाख लिटर. ठिबक केलं तर कमी लागेल, पण चौदा लाखांत ते बसणार नाही. उरलेलं पाणी शेजाऱ्यांच्या बांधाखालून येतं. शेजाऱ्यानंही ऊस लावला की ते यायचं थांबतं. तुमचं चौथं बोअर दिवाळीनंतर का थांबतं, त्याचं उत्तर बहुधा या गणितात आहे.

हे आकडे ढोबळ आहेत. तुझ्या तालुक्यात मुरण्याचं प्रमाण सात टक्के निघेल किंवा बारा निघेल, उसाचं पाणी थोडं इकडं-तिकडं होईल. पण चौदा आणि साठ यांच्यातली दरी अशा फरकानं भरत नाही. अण्णा शेतकरी आहेत, त्यांना जमा-खर्च कळतो. वहीच्या पानावर डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च लिहून दे आणि गप्प बस. समजावायला जाऊ नकोस.

ते म्हणतील, पण आठशे फुटांवर वेगळं पाणी असतं. त्यांच्या डोक्यात खाली एक नदी वाहतेय. प्रत्येकाच्या डोक्यात ती असते. खोल थरांत पाणी असतच नाही असं मी म्हणणार नाही. एखादी भेग, दोन थरांमधला एखादा सांधा लागला तर दोन इंची पाणी लागतंही, आणि मग सगळ्या शिवारात त्याचाच बोलबाला होतो. फुफाटा उडालेल्या बोअरची गोष्ट मात्र कुणी पारावर सांगत नाही. शिवाय खोलचं ते पाणी पुष्कळदा वर्षानुवर्षं थेंबाथेंबानं साठलेलं असतं. आपण ते दोन हंगामांत संपवतो आणि भरायला वरून तेवढा पाऊस येत नाही. आणखी एक धोका अण्णांना जरूर सांग. खोल बोअरची भेग वरच्या थराशी जोडलेली असली तर तुमच्याच विहिरीचं पाणी त्या नळीनं खाली उतरतं. बोअर घेतल्यावर जुनी विहीर आटली असं गावात घडलंय का, ते त्यांनाच विचार. नावं तेच सांगतील.

कायद्याचंही बघा. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे आणि त्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आठशे फुटांची गाडी रोज कुठं ना कुठं चालू असते, ती या कायद्याकडे डोळेझाक करून. शिवाय गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्यापासून निर्बंध आहे. पाणाड्यानं दाखवलेली जागा नळयोजनेच्या विहिरीपासून किती लांब आहे, ते आधी मोज. कायद्याचा धाक घालायला हे सांगत नाही. त्या विहिरीचं पाणी तुटलं तर पहाटे हंडा घेऊन रांगेत तुझी आईच उभी राहणार आहे.

आई. पत्रात पाटल्या गहाण टाकायचं "चाललंय" असं तू लिहिलंस. आईला कुणी विचारलं का? या बोअरचा निर्णय चार पुरुष पारावर घेतात आणि पैसा घरातल्या बाईच्या अंगावरून उतरतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की ते वाक्य वाचताना मला पुढं जाववलं नाही. आईला शेजारी बसव. हिशोबाचं पान तिलाही दाखव. तिचं मत काय पडतं ते ऐक, आणि ते अण्णांसमोर पडू दे.

पाणाड्याचा अपमान करू नकोस. माझ्या पाहण्यात असे काही पाणाडे आहेत ज्यांना ओढ्याची जुनी वाट, उंबर कुठं वाढतो, कुठल्या बांधाला उन्हाळ्यातही ओल असते हे बारकाईनं ठाऊक असतं. त्यांची नजर चांगली असते. हातावरचा नारळ उभा राहतो किंवा लिंबाची बेचकी फिरते, त्यानं मात्र खाली काय आहे ते कळत नाही. वाद घालण्यापेक्षा एक साधं काम कर. त्यानं गेल्या दोन-तीन वर्षांत दाखवलेल्या दहा जागा लिहून घे आणि अण्णांनाच सोबत घेऊन त्या दहा ठिकाणी जा. किती फुटांवर पाणी लागलं, आज किती आहे, मे महिन्यात चालतं का, मालकाला विचार. दहाव्या शेतातून घरी परत येताना अण्णा काय म्हणतात ते मला कळव.

मग पैशाचं काय करायचं? पाटल्या पेटीतच राहू देत. विहिरीतला गाळ काढा, बांधाचं पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीत घ्या. खड्ड्यात मोठे दगड, खडी, वाळू असे थर नीट भरा. गढूळ पाणी थेट सोडलं तर झरे बुजतात. ऊस एकरावरून दहा गुंठ्यांवर आणता येतो का बघा. यानं तुमचं रान सुजलाम होईल असं वचन मी देणार नाही, कारण बांधाखालचं पाणी तुमच्या एकट्याचं नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी मुळातच हात घातला: पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. नगरजवळच्या हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोअर बंद केली. दरवर्षी पाऊस मोजून, जमा किती ते ग्रामसभेत मांडून पिकं ठरवतात. तिथला पाऊस तुमच्यापेक्षा कमी आहे. या दोन्ही ठिकाणी पाणी 'कुठं' हा प्रश्न मागं पडला, 'किती' हा प्रश्न पुढं आला. आणि 'किती' सांगायला कुणीतरी मोजलेलं असावं लागतं.

इथे मी तुझ्या ३२ विहिरींकडे येते.

तुझे गाइड चुकीचं सांगतायत असं मी म्हणणार नाही. उपग्रहाच्या चित्रांतून उतार, ओढ्यांचं जाळं, खडकातल्या रेषा, जमिनीचा वापर हे एकावर एक ठेवून भूजल कुठं सापडण्याची शक्यता जास्त, असा नकाशा करता येतो आणि तो उपयोगीही पडतो. पण प्रत्येक थराला किती वजन द्यायचं, ते संशोधक टेबलाशी बसून ठरवतो. उताराला पंचवीस, खडकाला तीस. वजनं बदलली की नकाशावरचे रंग बदलतात. असा नकाशा खरा की खोटा हे ठरवणार कोण? विहिरीच ना? दोन वर्षांची, दर महिन्याची, एकाच हातानं घेतलेली ३२ विहिरींची मापं असलेली विद्यार्थिनी एखाद्या विभागाला क्वचित मिळते. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुझ्याकडे बारा वेळा मोजलेलं आहे. सप्टेंबरात भरलेली विहीर नेमक्या कुठल्या महिन्यात उतरायला लागली, गव्हाचं पाणी सुरू झाल्यावर का उसाची दुसरी पाळी आल्यावर, हे फक्त तुझ्या वहीत सापडेल.

म्हणून गाइडांशी भांडू नकोस. नकाशा कर. त्यांनी सांगितलेली पद्धत वापरून, चांगला कर. मग त्यावर आपल्या ३२ विहिरी ठेव आणि नकाशानं जिथं 'उत्तम' म्हटलंय तिथली विहीर मे महिन्यात काय म्हणते ते दाखव. कुठं जुळेल, कुठं साफ फसेल. जिथं फसेल, तिथंच तुझा प्रबंध. दोन पानांत हे लिहून काढ आणि पुढच्या संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत मांड. ती बैठक दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. तुमच्याकडे नुसत्या सह्या होत असतील तर तू लेखी मागणी कर, नम्रपणे कर, पण कर. घाईचंही इतकं कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणीनं आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत. पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध देता येत नाही, ही सक्तीही त्याच नियमांनी काढली. तुमच्या विद्यापीठाचा स्थानिक नियम काय म्हणतो ते पीएच.डी. विभागातून लेखी घे, तोंडी ऐकीवावर जाऊ नकोस.

मी हे एवढ्या तळमळीनं का सांगते, त्याला कारण आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका गावातल्या चाळीसेक विहिरी मोजल्या. तेव्हा बाईनं विहिरीत उतरायचं म्हणजे गाव गोळा व्हायचं; एका ठिकाणी चालू खोदकामाजवळ मला येऊ दिलं नाही, 'बाईमाणूस आलं की झरा बुजतो' म्हणून. तरी मी ते काम पुरं केलं. त्यावर निबंध छापून आला, मला बढतीला तो उपयोगी पडला. गावात मात्र मी परत गेले नाही. आज जाऊ, सुट्टीत जाऊ करत राहून गेलं. दहा-बारा वर्षांनी दुसऱ्या कामानं त्या वाटेनं जाताना गाडी थांबवली. एक म्हातारी ओसरीवर तूर पाखडत होती. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "बाई, तुम्ही आमची हीर मोजून गेलात. काय निघालं हो त्यात?" माझ्याकडे सांगायला एक वाक्यही नव्हतं. निबंध होता, त्यात तिच्या विहिरीला एक क्रमांक होता. तिची विहीर एव्हाना आटली होती आणि तिनं पाच वर्षं ते सुकत जाणं एकटीनं पाहिलं होतं. मी त्या ओसरीवर तासभर बसले. त्या दिवसानंतर मी जिथं जिथं मोजलं, तिथली मापं मराठीत लिहून गावात नेऊन दिली. पण त्या म्हातारीचं देणं राहिलंच.

तर तू परत देण्याचं आत्ताच सुरू कर, प्रबंध संपायची वाट बघू नकोस. प्रत्येक विहीरमालकाला एका पानावर त्याच्या विहिरीची दोन वर्षांची रेघ काढून दे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पातळ्यांचा एक तक्ता लाव आणि दर महिन्याला भर. गावाच्या पाण्याचा ताळेबंद कुठल्या योजनेत मांडलेला आहे का, ते विचार. तो मागून घे, तुझ्या आकड्यांशी लावून बघ. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल यंत्रणेच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयात जाऊन तुमच्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरीची जुनी नोंद माग. ही यंत्रणा सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करतेय. तुझी दोन वर्षं त्या लांब रेघेच्या टोकाला जोडली की प्रबंधाचं वजनच बदलेल.

आणि तुझ्या नोंदींत एक रकाना वाढव. या विहिरीवर पाणी कोण भरतं, कोण भरत नाही, आणि कुणी कधी भरू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, तेव्हा तळ्यात पाणी किती होतं हा प्रश्नच नव्हता. आजही वस्तीतला हातपंप आधी बंद पडतो आणि शेवटी दुरुस्त होतो. पातळी मोजणाऱ्यानं हे पाहिलं नाही तर मोजणी अर्धीच राहते.

हातपंपावरून आठवलं. आपल्या मराठवाड्यातल्या जालन्यात मिशनच्या लोकांनी, गावोगाव मोडून पडणारे ओतीव लोखंडाचे पंप बघून, एका सांध्यावर हलणारा पोलादी पंप तयार केला. पुढं सोलापुरात तो सुधारला गेला आणि त्याच वाटेनं सत्तरीच्या दशकात 'इंडिया मार्क टू' आला, जो नंतर आफ्रिकेपर्यंत पोचला. हे काम कुठल्या विद्यापीठात झालं नाही. बसवलेला पंप वर्षानं चालतो का, आणि मोडला तर कुठं मोडतो, हे पाहायला कुणीतरी परत गेलं, म्हणून झालं. तू दर महिन्याला परत जातेस. 'वेळ वाया चाललाय' असं पुन्हा कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेव.

हॉस्टेलच्या टँकरबद्दल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमधल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा माझ्या वर्गात लातूरची एक मुलगी होती. विभागातल्या बेसिनशी हात धुताना ती नळ चालू ठेवत नसे. ओंजळ भरली की बंद, मग परत ओंजळ. बाकीच्या मुली तिला हसत. आठवड्यानं त्याही तशाच धुवायला लागल्या. विद्यापीठात आपण जलविज्ञान शिकवतो आणि आवारातल्या बोअरची पातळी एकाही विभागाला माहीत नसते. तू तुझ्या कॉलेजात याची सुरुवात कर. द्वितीय वर्षाच्या मुलांना आवारातली विहीर, बोअर, छतावर पडणारा पाऊस आणि रोज येणारे टँकर मोजायला लाव. प्रात्यक्षिकाचे गुण दे. चार महिन्यांचे आकडे घेऊन प्राचार्यांकडे जा. हॉस्टेलच्या मुलींनी पाण्यासाठी निवेदन दिलं तर ते फायलीत जातं. आकड्यांचा तक्ता जोडलेलं निवेदन निदान उघडून वाचलं जातं, असा माझा अनुभव आहे.

राहिला स्पर्धा परीक्षेचा प्रश्न. तासिकेवरच्या पगाराचं मला ठाऊक आहे. तास झाले तर पैसे, मे महिन्यात काहीच नाही, आणि मानधन कधी येईल त्याचा नेम नाही. पोटाचा प्रश्न खोटा नाही, 'ध्येय' वगैरे सांगून मी तो झाकणार नाही. अधिकारी व्हावंसं मनापासून वाटत असेल तर परीक्षेला जरूर बस. पण अण्णांनी चारचौघांत विचारलं, उत्तर आलं नाही आणि रात्रभर झोप लागली नाही, एवढ्यावरून सोडू नकोस. दीड वर्षाची मुदत घाल. तेवढ्यात प्रबंध दे. भूजलावर, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थांना पातळ्या मोजता येणारी आणि गावातल्या ओसरीवर बसून त्या समजावता येणारी माणसं लागतात, आणि ती सहजी मिळत नाहीत. नुसत्या पदव्यांपेक्षा तुझी वही तिथं जास्त बोलेल.

आता मेचं माप जवळ आलंय. ते या वेळी अण्णांना घ्यायला लाव. पहाटे, लाइट यायच्या आत, मोटर चालू होण्याआधी जा. विहिरीच्या काठावर तू रंगानं जी खूण केली असशील तिथूनच टेप सोडा. टेपच्या शेवटच्या दोन फुटांना खडू तू फास, टेप मात्र त्यांच्या हातात दे. वर काढल्यावर खडू कुठवर भिजलाय ते त्यांनाच वाचू दे, आणि वहीत आकडा त्यांच्या हातानं लिहून घे. मग गेल्या वर्षीच्या मेचं पान उघडून शेजारी ठेव. गाडीवाल्याला त्यानंतर काय कळवायचं ते अण्णा ठरवतील. त्यांनी काय ठरवलं ते मला लिही, आणि आईच्या पाटल्यांचंही.